खालून टोचलेली रेघ

१

लीवेन मास्तर सकाळी तोंड धुण्याआधी म्हातारीवरून हात फिरवायचा.

म्हातारी म्हणजे त्याची बायको नव्हे. बायको तान्नेके त्या वेळी खाली चुलीपाशी असायची, आणि या नावावरून रोज नव्यानं चिडायची. म्हातारी म्हणजे वासराचं एक भलंमोठं कातडं, माडीवर उत्तरेच्या खिडकीखाली टेबलावर पसरलेलं. स्खेल्डे नदी जिथं समुद्राला मिळते तिथली झीलंडची सगळी बेटं, त्यांचे बांध, खाड्या, वाळूचे पट्टे लीवेननं एकेचाळीस वर्षं होडीतून हिंडून, दोरी टाकून, खोली मोजून त्या कातड्यावर टोचून ठेवले होते. शाईचा एक थेंब नाही, नुसती भोकं, सुईच्या टोकाएवढी.

नवा नकाशा हवा असला की कोरं कातडं खाली घालायचं, वर म्हातारी पसरायची आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी भोकांवर हलकेच आपटत जायची. म्हातारी उचलली की खाली काळ्या ठिपक्यांचा किनारा उमटलेला. मग टाक शाईत बुडवायचा आणि ठिपके जोडायचे. ठिपका गाळायचा नाही आणि पदरचा एकही घालायचा नाही. त्याच्या गुरूनं हा नियम पट्टीनं बोटं फोडून शिकवला होता, त्यामुळे जोडताना डोकं कुठंही असलं तरी हात ठिपक्यामागून ठिपक्यावर आपोआप जायचा.

टोचण्याचीही त्याची एक लय होती. टिक, टिक, टिक, मग एक थांबा. त्या थांब्यात सुईचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर पुसायचं. एकेचाळीस वर्षांत त्या नखावर मधोमध एक खाच पडली होती. तान्नेके ती खाच लग्नाच्या अंगठीपेक्षा जुनी असल्याचं शेजारणींना सांगायची.

माणूस हट्टी होता. एका कप्तानानं नकाशात पाण्याचा फवारा उडवणारा देवमासा मागितला, तर लीवेननं त्याला जिना दाखवला. "माझी होडी जिथं लागली नाही ते मी काढत नाही, आणि देवमाशाला माझी होडी लागलेली नाही," म्हणाला. कप्तान दुसऱ्याकडे गेला, पण खडकावर आपटायला नको म्हणून पुढच्या वर्षी मुकाट परत आला.

त्या सप्टेंबरात बांधमंडळाचं मोठं काम आलं. बेटांचा नवा नकाशा, नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत. तो मंडळाच्या दालनात टांगणार होते आणि त्यावरच ठरणार होतं, कुठल्या गावाच्या बांधाला माती आणि माणसं मिळणार. किनाऱ्याच्या रेघेच्या आत जे असेल ते वाचवायचं, बाहेर असेल ते समुद्राला सोडून द्यायचं.

मंगळवारी सकाळी लीवेन ठिपके जोडायला बसला. वेस्टरहाम गावाच्या अलीकडे खेकड्याचा कोपरा म्हणून मेंढ्यांचं एक कुरण होतं. हात तिथं पोचला, ठिपक्यामागून आत वळला, आणि कुरण रेघेच्या बाहेर टाकून पुढं निघून गेला. शाई वाळत आली तेव्हा लीवेनच्या लक्षात आलं, की हे वळण त्याचं नाही.

त्यानं म्हातारी पुन्हा टेबलावर पसरली आणि बोट फिरवलं. वरून टोचलं की कातडं खाली दबतं. आपल्या भोकांवर बोट फिरवताना बारीक खळगे लागायचे. खेकड्याच्या कोपऱ्यापाशी मात्र बोटाला उंचवटे लागले, अंगावर काटा येतो तसे.

ती भोकं खालून टोचलेली होती.

२

"तू माझ्या टेबलाला हात लावलास?" त्यानं जिन्यावरून विचारलं.

"माझ्या त्या सवतीला मी शिवत नाही," खालून तान्नेके म्हणाली. "वाटाण्याचं सूप निवतंय, ये."

"भोकं पडलीयेत."

"एकेचाळीस वर्षं दुसरं काय करतोयस मग?"

तो खाली येऊन सूप प्यायला. कसर असेल, कातड्यात बारीक किडा असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण किडा ओळीत खात नाही, आणि दोन भोकांत सारखं अंतर ठेवायला तर मुळीच शिकलेला नसतो. आपणच वर्षांपूर्वी कधी कातडं उलटं धरून टोचलं असेल? तसं एकदाही केलं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी त्यानं स्वतःला खोटं ठरवायची बरीच खटपट केली.

गुरुवारी जावई लेनार्ट होडी घेऊन आला. लेनार्ट वेस्टरहामचा. लीवेनची एकुलती मुलगी माइकेन तिथंच दिली होती, आणि तिला चार महिन्यांची नेलेके होती. लेनार्टनं शिंपल्यांची टोपली जमिनीवर ठेवली, पण बसला नाही.

"खेकड्याचा कोपरा गेला, बाबा."

"गेला म्हणजे?"

"पाण्याखाली. मंगळवारी सकाळी. वारा नाही, उधाण नाही, भरतीसुद्धा अर्धीच होती. पाणी आलं आणि राहिलं. मेंढ्या पळाल्यासुद्धा नाहीत, उभ्या होत्या तशा उभ्या."

"बांध फुटला असेल."

"बांध शाबूत आहे. दोन्ही बाजूंना पाणी आहे, एवढंच."

तान्नेकेनं लीवेनकडे पाहिलं. लीवेन आपल्या उजव्या हाताकडं बघत होता, शाई लागलेल्या बोटांकडं. योगायोग आहे, तो मनाशी म्हणाला. समुद्र मला विचारून येत नाही. पण वर जाऊन त्यानं तो नवा नकाशा गुंडाळला आणि कपाटामागं उभा करून ठेवला.

३

शुक्रवारी भोकं पुढं सरकली होती.

खेकड्याच्या कोपऱ्यापासून निघून ती ओळ वेस्टरहामच्या पवनचक्कीमागून जात होती. शनिवारी ती चर्चच्या पाठीशी पोचली. गावाला मागून वळसा घालून कुणीतरी नवा किनारा आखत होतं, आणि त्या किनाऱ्यात वेस्टरहाम समुद्राच्या बाजूला होतं.

लीवेननं भोकांत मेण भरलं. सकाळी मेणाचे मणी कातड्यावर ओळीनं पडलेले, खालून ढकलून काढलेले. त्यानं म्हातारी उलटी करून ठेवली. भोकं तरी खालूनच आली. त्यानं वर कथलाच्या ताटल्या ठेवल्या. ताटल्या जागच्या हलल्या नाहीत, भोकं मात्र पडत राहिली.

आणि सोमवारी, भर दुपारी, चर्चची बाराची घंटा थांबल्यावर त्याला आवाज ऐकू आला. टिक, टिक, टिक. मग एक थांबा. पुन्हा टिक, टिक, टिक.

तो जागच्या जागी बसून ऐकत राहिला. भीती होतीच. पण त्याहून जास्त त्याला चीड आली. कारण आवाज चांगला होता. सुई तिरपी जात नव्हती, घाई नव्हती, थांबा बरोबर तेवढाच. तिकडं जो कोणी होता त्याला काम येत होतं.

लीवेन गुडघे टेकून टेबलाखाली शिरला. फळी कोरडी होती, अखंड होती. त्यावर बोट फिरवलं तर साधं कुसळसुद्धा लागलं नाही. आवाज डोक्यावरून येत होता, फळी आणि कातडं यांच्या मधून, जिथं नखसुद्धा शिरलं नसतं.

"कारागीर आहेस, हरामखोरा," तो फळीला म्हणाला. "पण जागा माझी आहे."

टिक, टिक, टिक.

तान्नेके जिन्यात उभी होती. तिनंही ऐकलं होतं. तिनं दोन पायऱ्या वर येऊन एवढंच म्हटलं, "चुलीत घाल ते कातडं. आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"एकेचाळीस वर्षांचं काम म्हणून?"

"त्यासाठी नाही गं. आज तो कातड्याखालून टोचतोय. कातडं जाळलं तर टेबलातून टोचेल, मग जमिनीतून. आत्ता तो कुठं बसलाय ते निदान मला ठाऊक आहे."

तान्नेके पायरीवरच बसली. हात तिनं एप्रनमध्ये गुंडाळून घेतले.

४

लीवेननं माइकेनला निरोप धाडला, पोरीला घेऊन ताबडतोब ये. ती आली, पण नेलेकेला पाठीला बांधून, आणि बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"राहायला नाही आले," ती दारातच म्हणाली. "भाकरी न्यायला आलेय. सगळं गाव बांधावर आहे."

"माइकेन, ते गाव जाणार आहे."

"कोण म्हणतं?"

लीवेन तिला माडीवर कातड्यापाशी घेऊन गेला. माइकेननं जवळ येऊन ओळ पाहिली, बोटानं चाचपली. नकाशावाल्याचीच पोर ती, उंचवटे तिला लगेच कळले. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"ही तुमची नाहीत."

"नाहीत."

"मग घेता कशाला मनावर? बाबा, ती जमीन माझ्या सासऱ्याच्या आजानं चिखलातून वर काढलीय. समुद्राला हवी असेल तर येऊ दे आणि मागू दे. मी फावडं घेऊन उभी आहे. तुम्ही तुमचं बघा."

ती गेली. पाठीवरून नेलेके त्याच्याकडं बघत होती, मूठ तोंडात घालून. लीवेनला त्या क्षणी आपल्या मुलीचा फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

ऑक्टोबरच्या शेवटी बांधप्रमुख बाउदेवाइन स्वतः माडी चढून आले. वाईट माणूस नव्हता. आठ गावं होती आणि चार गावांपुरती माणसं, त्यामुळे झोप उडालेला माणूस होता. त्यांनी म्हातारी खिडकीशी धरली. प्रकाश भोकांतून आरपार आला, आणि वेस्टरहाममागची नवी ओळ चांदण्यांसारखी लखलखली.

"म्हणजे तुमचंही मत हेच पडलं, मास्तर," बाउदेवाइन हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "वेस्टरहाम धरून ठेवता येणार नाही. मला हे तोंडानं म्हणवत नव्हतं."

"ती ओळ माझी नाही, साहेब."

"तुमच्या कातड्यावर आहे."

"माझ्या अंगावर पिसू असली म्हणून ती माझी होत नाही."

"काल भरतीच्या वेळी मी तिथं होतो. बांधातून पाणी पाझरतंय. ही ओळ खरी आहे, हे तुम्हालाही दिसतंय. जोडून टाका."

"नाही जोडणार."

"मुलगी तिथं आहे म्हणून?"

"मुलगी तिथं आहे म्हणून तर आहेच," लीवेन म्हणाला. "पण नसती तरी जोडली नसती. तिथं मी होडी लावलीय. चर्चच्या पायरीवर बसून मासळी खाल्लीय. जिथं जमीन आहे तिथं मी जमीनच काढणार. तुम्हाला समुद्र हवा असेल तर दुसरा चितारी बघा."

बाउदेवाइननी टोपी घातली. "एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, दुपारी माझी माणसं येतील आणि हे कातडं अँटवर्पला नेतील. तिथले लोक जोडतील. ओळ आता पुरी होतच आलीय म्हणा, तळहाताएवढी फट राहिलीय."

लीवेननंही ते पाहिलं होतं. वेस्टरहामच्या पश्चिमेला, चर्च आणि मुख्य बांधाच्या मध्ये, तळहाताएवढी जागा अजून कोरी होती. ती टोचली गेली की वळसा पुरा होणार होता.

५

सणाच्या दिवशी सकाळपासून वायव्येचा वारा सुटला. दहा वाजेपर्यंत कौलं उडायला लागली. बंदरातली गलबतं एकमेकांवर आपटत होती, आणि चर्चच्या घंटा प्रार्थनेच्या नव्हे तर पुराच्या वाजत होत्या. लोक म्हणत होते असं उधाण बापजन्मात पाहिलं नाही. वेस्टरहामकडं जाणारी होडी सुटू शकत नव्हती.

लीवेन टेबलाशी बसला. भरती दुपारी दोनला पुरी होणार होती.

बारा वाजता आवाज सुरू झाला. टिक, टिक, टिक. फटीच्या उजव्या कडेला तीन उंचवटे आले. त्याच्या डोळ्यांदेखत कातडं तीनदा फुगलं आणि फुटलं.

"तान्नेके," त्यानं हाक मारली, "जरा वर ये. आणि काहीही झालं तरी माझा हात उचलू नकोस."

त्यानं डावा तळवा उपडा केला, त्या कोऱ्या जागेवर ठेवला आणि उजव्या हाताचं सगळं वजन वर टाकलं.

थांबा लांबला. तिकडच्याला बहुधा अशी अडचण कधी आली नव्हती. मग पहिला टोचा तळव्यात शिरला.

लीवेन ओरडला नाही. दात आवळले एवढंच. सुई गार होती, हिवाळ्यातल्या खाडीच्या पाण्याइतकी गार, आणि ओली होती. टिक, टिक, टिक. थांबा.

"लीवेन, रक्त का नाही येत?" तान्नेके कुजबुजली.

"ये म्हणावं, टोच म्हणावं," लीवेन बोलत होता, तिच्याशी नाही. "रेघ कातड्यावर पडली तर तुझी. माझ्या हातावर पडली तर माझी. आणि माझ्या हातावर मी समुद्र काढत नाही, समजलं?"

टिक, टिक, टिक. घर हललं, खिडकीची एक काच फुटून आत आली. तान्नेकेनं एप्रन सोडून त्याच्या खांद्यांना मागून मिठी मारली आणि तीही आपलं वजन टाकून उभी राहिली. ती शिव्या देत होती. पस्तीस वर्षांच्या संसारात लीवेननं तिच्या तोंडून त्या ऐकल्या नव्हत्या.

एक टोचा चुकला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात कातडं उघडं होतं, तिथून सुई वर आली, हिरवट, थेंब लोंबकळणारी, आणि परत गेली. भोक मोठं झालं होतं. लीवेननं मान वाकवून डोळा त्याला लावला.

खाली केसभर अंतरावर लाकूड असायला हवं होतं. तिथं खोली होती, करडा उजेड होता, आणि एक हात होता. खूप दिवस पाण्यात राहिल्यासारखा पांढरा, सुरकुतलेला. तो हात सुईचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर पुसत होता. नखाच्या मधोमध खाच होती. हाताच्या पलीकडं एक खिडकी दिसली, उत्तरेची असावी, आणि तिच्याबाहेर पाण्याशिवाय काही नव्हतं.

मग सुई डोळ्याच्या दिशेनं वर आली. लीवेननं मान मागं घेतली, पण तळवा तिथंच दाबून ठेवला.

"ओळखलं," तो म्हणाला. "तू हार मानलीस वाटतं. मी नाही."

टिक, टिक, टिक.

अडीच वाजता वारा फिरला. आवाज थांबला तेव्हा तळव्यावर सत्तावीस टोचे होते, मनगटापासून करंगळीच्या बुडापर्यंत एका सुरेख ओळीत.

६

पाणी वेस्टरहामच्या बांधापर्यंत आलं, माथ्याला लागलं आणि तिथं उभं राहिलं. लेनार्टनं नंतर सांगितलं, की लाट नव्हती, धडक नव्हती. पाणी बांधाच्या कडेशी तासभर नुसतं थांबून राहिलं, आणि त्यांनी तेवढ्या वेळात दोन हात माती चढवली. इतरत्र फार माणसं गेली. त्या वर्षीच्या याद्या चर्चमध्ये वाचायला दोन रविवार लागले.

बाउदेवाइनची माणसं चौथ्या दिवशी आली. लीवेननं म्हातारी खिडकीशी धरून दाखवली. ओळ तळहातभर तुटलेली होती. तिथलं कातडं कोरंच होतं, टोचे सगळे त्याच्या हातातच राहिले होते.

"तुटकी रेघ किनारा होत नाही," तो म्हणाला आणि कपाटामागचा, आपल्याच भोकांवरून पुरा केलेला नकाशा त्यांच्या हातात दिला. त्यावर वेस्टरहाम रेघेच्या आत होतं, जाड काळ्या शाईत. खेकड्याचा कोपरा मात्र बाहेर राहिला. तो त्याच्याच हातानं गेला होता, आणि ती चूक त्यानं तशीच ठेवली. बाउदेवाइननी दुसऱ्या दिवशी वेस्टरहामला साठ माणसं पाठवली.

त्यानंतर लीवेननं टाक धरला नाही. म्हातारी त्यानं शिशाच्या पेटीत घालून चर्चच्या तळघरात ठेवली आणि तान्नेकेला घेऊन वेस्टरहामला राहायला गेला, आपल्याच रेघेच्या आत. गाव गेलं तर आपणही आत असू, एवढं त्याचं सरळ म्हणणं होतं.

टोचे भरून आले नाहीत. भरतीला त्यातून खारं पाणी झिरपतं, ओहोटीला थांबतं. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी दोन ठिपके जोडलेले निघाले, कातडीच्या आतून, निळसर काळ्या रेघेनं. तिकडच्यानं आता शाईही स्वतःच हातात घेतली होती. लीवेन त्या रेघेकडं बघत राहिला, आणि मग मोठ्यानं हसला. कारण ते दोन ठिपके कुठले, हे या बेटांवर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"लेनार्ट, ऊठ! चर्चच्या पश्चिमेचा बांध, विहिरीपासून तीस पावलं. तिथून येणार आहे."

तिथं खणलं तर बांध आतून पोकळ झाला होता. दुपारपर्यंत त्यांनी तो चिकणमातीनं ठासून भरला. भरती आली, तिथंच लागली आणि परत गेली.

आजवर अकरा ठिपके जोडले गेलेत. दर वेळी वेस्टरहामचे लोक पाण्याआधी तिथं पोचलेत. सोळा राहिलेत, आणि लीवेन थकत चाललाय. हे सगळ्यांना कळतं, कुणी बोलत नाही.

रोज सकाळी तो तोंड धुण्याआधी नेलेकेला मांडीवर घेतो. तिची इवलीशी मूठ उघडतो आणि तळव्यावरून बोट फिरवतो, मनगटापासून करंगळीच्या बुडापर्यंत, सावकाश.

"काय बघता रोज?" माइकेन विचारते. फावडं तिच्या हातात असतंच.

"काही नाही. मळ बघतोय."

तळवा गुळगुळीत असतो. तरी लीवेन आपला डावा हात उपडा करून त्या तळव्यावर ठेवतो, आणि भरती उतरेपर्यंत उचलत नाही.